दोन ठोक्यांमधली उसंत

निवृत्त झाल्यावर डॉक्टरला लोक दोनच गोष्टी विचारतात. एक, गुडघ्यावर काही औषध आहे का. आणि दुसरी, खास आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या सरकारी डॉक्टरला, ती म्हणजे, ‘त्या वर्षांत तुम्ही फार पाहिलं असेल ना?’ पहिलीचं उत्तर मी देते. दुसरीचं टाळते. त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता, अळी औषधाला दाद देत नव्हती आणि आमच्या वॉर्डाला कायम फवारणीच्या औषधाचा वास यायचा. त्याबद्दल दिल्ली-मुंबईहून येऊन पुष्कळांनी लिहिलं, फोटो काढले आणि आमच्या कँटीनचा चहा वाईट असतो हेही छापलं. शेवटचं खरं होतं. मी आज लिहिणार आहे ते हृदयाबद्दल. म्हणजे कवितेतल्या नव्हे, छातीतल्या.

उमरखेडच्या बाजूला एका ग्रामीण रुग्णालयात मी बरीच वर्षं काढली. सगळं मिळून डॉक्टर दोन, त्यातला एक बहुतेक वेळा मीटिंगला. म्हणजे बाळंतपणापासून विंचवापर्यंत सगळं माझ्याकडे. पण माझा मूळचा जीव हृदयात. शिकताना मला एका सरांनी स्टेथोस्कोप कानाला लावून एका पेशंटच्या छातीतलं ‘ऐक’ म्हटलं होतं, आणि मी इतका वेळ ऐकत बसले की पेशंट म्हणाला, बाई, बाकीच्यांनाबी ऐकू द्या. तेव्हापासून ते वेड लागलं ते लागलंच.

खेड्यात हृदयाचे पेशंट कमी, आणि आपल्याला हृदयरोग आहे असं वाटणारे जास्त. त्यांची मोठी श्रद्धा ‘पट्टी’वर. पट्टी म्हणजे ईसीजी. आमच्याकडे एक निवृत्त मुख्याध्यापक दर बाजाराच्या दिवशी यायचे, खुर्चीत बसून स्वतःची नाडी धरायचे आणि म्हणायचे, “मॅडम, मधातच एखादा ठोका चुकते. तुमी पट्टी काढाच.” काढली की घडी घालून खिशात ठेवायचे आणि बाजारात भाजी घ्यायला जायचे. घरी अशा पट्ट्यांचा गठ्ठा झाला असणार. एकदा मशीन बंद होतं तेव्हा ते खरोखरच आजारी दिसले. मग मी जुन्या पट्टीवर बोट ठेवून त्यांना तीच पुन्हा समजावून सांगितली. तेवढ्यानंही चेहरा खुलला.

आणि एक म्हातारी आली होती खोकल्यासाठी. आमचे ढोले ब्रदर तिला तपासायला गेले आणि परत येऊन माझ्या कानात म्हणाले, “मॅडम, बाईच्या छातीत काहीच आयकू येऊन नाही राह्यलं. बाई तं बोलून राह्यली.” मी जाऊन पाहिलं तर हृदय उजव्या बाजूला. जन्मापासूनच असतं असं एखाद्याचं, त्यानं काही बिघडत नाही. म्हातारीला सांगितलं तर तिला जराही नवल वाटलं नाही. “माहा बुढा पयलेपासूनच म्हनते, तुहं सगळं उलटंच हाय,” असं म्हणून ती खोकल्याचं औषध घेऊन गेली.

हे ढोले ब्रदर म्हणजे आमच्या दवाखान्याचा कणा. ब्रदर म्हणजे पुरुष नर्स. विषबाधेचा पेशंट काळीपिवळी जीपमधून उतरवायच्या आधी त्यांची पोट धुवायची नळी, बादली, सलाईन, इंजेक्शन सगळं मांडून तयार असायचं. त्यांच्या हातून किती जीव वाचले ते त्यांनाही ठाऊक नसेल. त्यांचं नाव आधीच सांगून ठेवते, कारण पुढच्या गोष्टीत कोणी असं समजू नये की त्यांचं काही चुकलं.

त्या काळात मी अंगणवाडी सेविकांना शरीराबद्दल चार गोष्टी शिकवायचे. हृदयाची पाळी आली तेव्हा ठरवलं की फळ्यावर बदामाचं चित्र काढायचं नाही, खरंच दाखवायचं. मटणाच्या दुकानात गेले आणि ‘काळीज द्या’ म्हटलं. दुकानदारानं छान तांबडंलाल यकृत तोलायला घेतलं. मी म्हटलं, हे नाही. त्यानं विचारलं, “मॅडम, कलेजी चाहिए या दिल?” आपण जन्मभर ज्याच्यावर दगड ठेवतो आणि जे सुपाएवढं होतं म्हणतो ते काळीज खाटकाच्या ठोकळ्यावर यकृत निघतं, हे मला डॉक्टर होऊन इतक्या वर्षांनी कळलं. मी दिल घेतलं. त्यानं ते वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं आणि पैसे घेतले नाहीत, कारण ते कोणी मागत नाही म्हणाला.

बकऱ्याचं हृदय आपल्यापेक्षा लहान, पण रचना तीच. मुठीएवढा मांसाचा गोळा. आत चार खोल्या, दोन वर, दोन खाली. वरच्या पातळ भिंतींच्या, त्या फक्त रक्त जमवून खाली सोडतात. खालच्या जाड, कारण बाहेर ढकलायचं काम त्यांचं. उजवी बाजू अंगातून वापरून आलेलं रक्त फुप्फुसाकडे पाठवते, तिथं त्याला हवा मिळते. ताजं झालेलं ते रक्त डाव्या बाजूला येतं आणि डावी खालची खोली ते डोक्यापासून पायाच्या नखापर्यंत धाडते. म्हणून तिची भिंत सगळ्यांत जाड. दोन्ही बाजू एकाच वेळी काम करतात, एक आधी आणि एक मागून असं नाही.

खोलीला खोली जोडलेली तिथं दार. खोलीतून मोठ्या नळीत रक्त जातं तिथंही दार. अशी चार दारं, आणि चारही एकाच बाजूला उघडणारी. वरची खोली भरली की खालचं दार आपोआप उघडतं, रक्त खाली उतरतं. बरंचसं स्वतःहूनच उतरतं, अगदी शेवटी वरची खोली जरा आवळून उरलंसुरलं ढकलते. मग खालची खोली आवळते. आवळली की रक्त मागे वळू पाहतं, पण दार मागच्या बाजूला उघडतच नाही, ते धाडकन लागतं. हा पहिला आवाज, लब. रक्ताला मग पुढचा एकच रस्ता उरतो, नळीचा. ते निघून गेलं, खोली सैलावली, की नळीतलं रक्त माघारी यायला बघतं आणि नळीच्या तोंडाचं दार लागतं. हा दुसरा, डब. म्हणजे आपण छातीत ऐकतो ते हृदय आवळल्याचा आवाज नाहीच, दारं लागल्याचा आहे. मी त्या बकऱ्याच्या हृदयाच्या मोठ्या नळीत नळाचं पाणी ओतून दाखवलं. पाणी आत गेलं नाही, दारावर अडलं आणि वाटीत राहावं तसं राहिलं. सगळ्या जणी उठून टेबलाभोवती आल्या. आधी नाकाला पदर लावून बसल्या होत्या त्या.

त्यातल्या एकीनं विचारलं, “मॅडम, जल्मल्यापासून चालू हाय बिचारं. ते थकत नाही काय?”

हा प्रश्न मला फार आवडतो. हृदय कधी थांबत नाही असं आपण म्हणतो, ते खरं नाही. ते प्रत्येक ठोक्यानंतर थांबतं. आवळायला जेवढा वेळ लागतो त्याच्यापेक्षा जास्त वेळ ते सैल पडून असतं. त्या उसंतीतच ते भरतं आणि त्या उसंतीतच त्याच्या स्वतःच्या मांसालाही रक्त मिळतं. आता गंमत अशी की धावताना, घाबरल्यावर, तापात ठोके वाढतात तेव्हा आवळण्याचा वेळ फारसा कमी होत नाही. कापली जाते ती उसंत. चांगल्या हृदयाचं त्यानं काही अडत नाही, दारं मोठी असतात, कमी वेळातही भरून घेतं. पण दारच अरुंद झालेलं असेल तर उसंत कमी होणं म्हणजे खोली अर्धीमुर्धीच भरणं, आणि मागे फुप्फुसात रक्त तुंबणं. हे मी त्या दिवशी सेविकांना घाईघाईत सांगितलं, कारण जेवायची वेळ झाली होती. पुढं वनिता नावाच्या एका पेशंटच्या वेळी मात्र हे एवढंच महत्त्वाचं ठरलं.

वनिताला आणलं ते भर दुपारी, कापसाच्या वेचणीच्या दिवसांच्या अगदी सुरुवातीला. भारनियमन चालू होतं, पंखे बंद, वॉर्डात अंधारलेलं. काळीपिवळी आवारात येऊन थांबली आणि तिच्यातून सात-आठ माणसं आणि त्यांच्या हातांवर एक पोरसवदा बाई उतरली. सहा महिन्यांची गरोदर. ओठ निळसर, अंग घामानं ओलं, आणि तोंडातून फेस.

“मॅडम, नळी टाका लवकर,” सगळ्यांच्या पुढं असलेला एक जण म्हणाला. “फवारनीचं औषध पेली हे.”

“कोणी पाहिलं?”

“पाह्यलं कोनी नाही, पन सकायी नवऱ्यासंग भांडन झालं तिचं. वावरात गेली आन् घंट्याभरात हे असं. फेस पाहा नं तुमी!”

त्या वर्षांत आमच्या तालुक्यात कोणालाही काही सांगावं लागायचं नाही. वावरातून बाई किंवा बाप्या फेसासकट आला, की कारण एकच. लोकांना नळी माहीत होती, इंजेक्शनचं नाव माहीत होतं, डोळ्याची बाहुली बारीक होते हेही माहीत होतं. वनिता मान हलवत होती, नाही, नाही. बोलायला तिच्याकडे श्वासच नव्हता. पण मान सगळेच हलवतात. पोलिसाच्या भीतीनं हलवतात, घरच्यांच्या भीतीनं हलवतात. तिच्या साडीला औषधाचा वास येत होता. आदल्या आठवड्यात फवारलेल्या पऱ्हाटीतून, म्हणजे कपाशीतून, ती फिरून आली होती, वास येणारच, पण तेव्हा हा विचार कोण करतो.

ढोले ब्रदरनी तिला टेबलावर आडवी केली आणि ती झटापट करून उठून बसली. पुन्हा आडवी केली, पुन्हा उठली. तेही नेहमीचंच, नळी कोणाला हवी असते. “मॅडम, अ‍ॅट्रोपीन भरलं,” ढोले म्हणाले. “देऊ?”

अ‍ॅट्रोपीन हे त्या विषावरचं आमचं रामबाण. त्या विषानं तोंडाला, फुप्फुसाला पाणी सुटतं आणि बहुतेक वेळा हृदय मंदावतं. अ‍ॅट्रोपीन पाणी सुकवतं आणि हृदयाला पळवतं. मी ‘द्या’ म्हणायला तोंड उघडलं होतं.

तेवढ्यात एका बाईनं माझा हात धरला. साठीची, काटक, कमरेला अजून वेचणीची ओटी बांधलेली, म्हणजे कापूस टाकायची कापडी झोळी. ही वनिताची सासू, यशोदाबाई.

“माही सून पेली नाही जी, डॉक्टरीणबाई. कोनी आयकूनच नाही राह्यलं माहं.”

“आई, बाजूला व्हा.”

“नाही होत. उद्या आमच्या वावरात सीतादही हाय. तिनं आज सकायी उठून विरजन लावलं. मले म्हने, आत्याबाई, दयी घट नाही लागलं तं सकायी शेजारून मांगून आनू. मरनारी बाई उद्याच्यासाठी विरजन कायले लावन? सांगा बरं तुमी मले!”

सीतादही आमच्याकडचं. पहिल्या वेचणीला वावरात पूजा मांडतात, पऱ्हाटीला दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि मग कापसाला हात लावतात. ज्यांचं स्वतःचं वावर दोन-चार एकरांचं, ते आपलं सीतादही व्हायच्या आधी दुसऱ्याच्या वावरात मजुरीनं वेचायला जातात. या दोघी तशाच गेल्या होत्या. दही घरचंच लागतं, आणि ते लागावं म्हणून घरातली बाई आदल्या दिवशी जपून विरजण लावते.

डॉक्टरकीच्या पुस्तकात विरजण हे लक्षण दिलेलं नाही. पण माझा हात थांबला. “थांबा ब्रदर,” म्हटलं, आणि टॉर्च घेतला. डोळ्याची बाहुली बारीक नव्हती. मोठीही नव्हती, मधलीच. त्यावरून काही ठरत नाही. फेस बोटावर घेतला. लाळेचा फेस पांढरा असतो, हा किंचित गुलाबी होता. वास घेतला, तोंडाला औषधाचा वास नाही, साडीलाच. नाडी मंद तर नव्हतीच, मोजता येऊ नये इतकी पळत होती. मग तळहात तिच्या छातीवर डाव्या बाजूला ठेवला. प्रत्येक ठोका हाताला टणटण लागत होता, दार कोणी रागानं आपटावं तसा. स्टेथोस्कोप लावला. फुप्फुसात तळापासून वरपर्यंत पाण्याची कुरकुर. त्या कुरकुरीपुढे हृदयातलं बारीकसारीक काही ऐकू येईना.

“हिला आधीही दम लागायचा का?”

यशोदाबाईंना एकदम रडू आलं. “लागे जी. हापशीवरून पान्याचा गुंड घेऊन येता येता तीनदा बसे. वेचनीले एक ओळ झाली का बसे. सगळ्या बाया तिले ‘बसकी’ म्हनत. मीबी म्हनो, कामचुकार हाय म्हून.”

आता दोन रस्ते होते. विष असेल आणि मी अ‍ॅट्रोपीन दिलं नाही, तर ही मुलगी आणि पोटातलं बाळ माझ्या डोळ्यांसमोर जाणार. आणि विष नसेल, मला वाटत होतं तसं हृदयाचं वरच्या-खालच्या खोलीमधलं डावं दार अरुंद असेल, तर अ‍ॅट्रोपीननं आधीच पळणारं हृदय आणखी पळणार. उरलीसुरली उसंत जाणार, खोली भरणारच नाही, सगळं रक्त मागे फुप्फुसात. तरी ती जाणारच, फक्त लवकर. गरोदरपणात रक्त वाढतं, म्हणून इतके दिवस दम खाऊन खाऊन निभावलेलं तेव्हाच उघडं पडतं. सगळं जुळत होतं, पण खात्री नव्हती.

मी ढोल्यांना म्हटलं, “सुई भरलेली ट्रेमध्ये ठेवा. द्यायची नाही. बाहुली बारीक व्हायला लागली, नाडी मंदावली, तर मला न विचारता द्या. तोवर हिला बसवा, पाय खाली सोडा.”

“मॅडम,” ते हळू आवाजात म्हणाले, “बाहेर माणसं लय हायत.”

“ती मी बघते.”

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि लगेच तिला पाठीला धरून बसवलं. वाद घातला नाही, याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. ऑक्सिजन लावला, लघवी होण्याचं इंजेक्शन शिरेतून दिलं म्हणजे अंगातलं पाणी उतरेल. शिवाय जुन्या पुस्तकातला एक उपाय केला, जो आज कोणी करत नाही आणि करूही नये: हातापायांतून हृदयाकडे परतणारं रक्त थोडा वेळ अडवून ठेवणं. त्यासाठी पट्टे हवेत. बरोबर आलेल्या बायांच्या कमरेच्या ओट्या मागितल्या. त्यांनी जागच्या जागी सोडल्या, कापूस फरशीवर सांडला. तीन हातपाय बांधायचे, चौथा मोकळा, मग पाळीपाळीनं बदलायचा. यशोदाबाई माझ्या सांगण्याप्रमाणे एक सोडत आणि एक बांधत होत्या. त्यांचे हात माझ्यापेक्षा स्थिर होते.

बाहेर एक जण मोठ्यानं म्हणत होता की डॉक्टरीणबाईनं नळीच टाकली नाही, मरते आता पोरगी. मी दारात जाऊन म्हटलं, की ज्याला नळी टाकता येते त्यानं आत यावं. कोणी आलं नाही.

मग वाट पाहायची. डॉक्टरकीत हे काम सगळ्यांत अवघड. मी तिच्या बाहुल्यांकडे बघत होते, ढोले नाडीवर. बराच वेळ काहीच बदललं नाही. मग तिची साडी ओली झाली, लघवी सुटली होती. ती लाजून ओढून घ्यायला लागली, आणि ढोले ब्रदर एकदम म्हणाले, “मॅडम, लाजून राह्यली ती!” त्या माणसाला मी इतकं आनंदलेलं कधी पाहिलं नाही. ज्याच्या जिवावर बेतलंय तो पेशंट लाजत नाही. थोड्या वेळात ओठांचा निळेपणा उतरला, फेस थांबला, फुप्फुसातली कुरकुर खाली खाली सरकली. नाडी जरा उसंत घेऊ लागली तेव्हा मी तिला डाव्या कुशीवर किंचित कलतं करून पुन्हा ऐकलं. ठोका, ठोका, आणि मधल्या जागेत ती घरघर, चार घरं सोडून कोणी जातं फिरवत असावं तशी. अरुंद दारातून रक्त घुसताना होते ती. मी डोळे मिटून ऐकत राहिले. मला तिथंच बसून रडावंसं वाटलं आणि मी थोडी रडलेही.

तिचा नवरा देवानंद आवारातल्या कडुनिंबाखाली उकिडवा बसून होता. आत आलाच नव्हता. मी त्याला सांगितलं, ती प्यायली नाही, तिच्या हृदयाचं एक दार लहान झालंय. लहानपणी घसा येऊन, सांधे सुजून ताप आला असेल, त्यानं दाराच्या कडा चिकटतात. त्याला बाकी काही समजलं नसावं. “पेली नाही?” एवढंच त्यानं तीनदा विचारलं. मग म्हणाला, “मायेरी जातो म्हने थे. मी म्हनलं, वेचनी झाल्यावर जाय. एवढंच झालं जी मॅडम, एवढंच. मले वाटलं, एवढ्यावर पेली.” आणि तोंड धोतराएवढ्या रुमालात घालून तो हमसून हमसून रडला.

दोन दिवसांनी वनिताला नागपूरला पाठवलं. तिथं पायाच्या शिरेतून तार घालून थेट हृदयापर्यंत नेतात, दारात एक छोटा फुगा फुगवतात आणि चिकटलेल्या कडा सोडवतात. छाती उघडत नाहीत. पोटावर शिशाचं आवरण घालून, बाळाला सांभाळून तेही झालं. दिवस भरल्यावर मुलगी झाली, आमच्याच दवाखान्यात, आणि ढोले ब्रदरनी स्वतःच्या खिशातून पेढे आणले.

दार पुन्हा चिकटू नये म्हणून अशा पेशंटला तीन आठवड्यांनी एकदा पेनिसिलीनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. ते फार दुखतं, दुसऱ्या दिवशी वाकवत नाही. वेचणीत बाया ते हमखास चुकवायच्या. म्हणून मी तारखा सोडूनच दिल्या होत्या. ‘दर तिसऱ्या बाजाराला ये’ एवढंच सांगायचं. बाजाराच्या दिवशी कोणी वेचायला जात नाही, आणि कितवा बाजार हे बाई विसरत नाही. वनिता कधी चुकली नाही.

अशाच एका बाजाराला ती इंजेक्शन घेऊन बाकावर बसली होती, कंबर चोळत. मुलगी मांडीवर. यशोदाबाई भाजीला गेल्या होत्या.

“मॅडम, एक इचारू?”

“विचार की.”

“त्या दिशी तुमालेबी वाटलं होतं का, मी पेली म्हून?”

डॉक्टर पेशंटशी दिवसाला दहा वेळा खोटं बोलतात, तेही चांगल्या मनानं. तेव्हा मला ते जमलं नाही. “हो,” म्हटलं.

“मी तं मुंडी हालवून राह्यली होती.”

“दिसत होतं मला.”

“मंग?”

“जे पितात तेही मुंडी हलवतात, वनिता. रोज पाहत होते मी.”

तिनं यावर जरा विचार केला. रागावली नव्हती, खरंच समजून घ्यायचं होतं तिला. मुलीच्या तोंडातली पदराची गाठ सोडवत ती म्हणाली, “मंग जिनं पेलं नाही, तिनं काय कराचं, मॅडम?”

मी गळ्यातला स्टेथोस्कोप काढून टेबलावर ठेवला आणि तिच्या शेजारी बाकावर जाऊन बसले. पुढच्या पेशंटनं दारातून दोनदा डोकावून पाहिलं, मी त्याला थांब म्हणून हात केला.